सोवनींच्या घरचा खाडा

"म्हंजी येकदा सांगितलं की ह्यो डबा दर महिन्याला आपला आपणच बिलं पाठवणार?" आक्कांनी कॉम्प्युटरकडे बघत मला विचारलं.

"हो."

"आपण इसरलो तरी?"

"विसरलो तरी."

"आपण मेलो तरी?"

"तरीही, आक्का. कोणीतरी बंद करेपर्यंत पाठवत राहणार."

"लई निर्लज्ज हाय की," आक्का म्हणाल्या आणि हातातल्या सुईत पुढचा झेंडू ओवला.

आक्का म्हणजे इंदुमती फुलारी. साताऱ्यात मंगळवार पेठेत त्यांचं दुकान होतं. नावाला दुकान, खरा धंदा रतिबाचा. देवपूजेच्या फुलांची पुडी रोज सकाळी सहाच्या आत घराच्या दाराला लावायची. दोन झेंडू, एक शेवंती, तुळस, दूर्वा, बेलाची तीन पानं, हंगामात असेल तर जास्वंद. पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. सात रुपयांची पुडी. गावात अशी दोनशे बारा दारं होती, आणि सर्जेराव धरून तिघं जण सायकलींवरून ती सगळी दारं करायचे.

दोनशे बारा बिलं आक्का स्वतःच्या हातानं लिहायच्या. महिन्याचे शेवटचे पाच दिवस त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. मग त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा काढायचा होता, आणि डॉक्टरांनी बारीक लिहिणं बंद करायला सांगितलं. म्हणून त्यांनी मला ठेवलं. आठवड्यातून तीन दुपारी जायचं, बिलांचं सगळं कॉम्प्युटरवर घालून द्यायचं, महिन्याला तीन हजार. मी आधी एका करसल्लागाराकडे सहा वर्षं बिलं आणि पावत्याच केल्या होत्या. मला वाटलं, फुलांच्या पुड्यांचं काय एवढं, पंधरा दिवसांत उरकेन.

काम खरंच सोपं होतं. नाव, पत्ता, फोन नंबर, पुडीचा दर लिहायचा. खाली एक छोटा चौकोन होता, 'दर महिन्याला आपोआप'. त्यात खूण केली की महिन्याचे दिवस गुणिले दर, एक तारखेला बिल तयार, सकाळी आठला ज्याच्या त्याच्या व्हॉट्सॲपवर रवाना. ज्यांच्याकडे साधा फोन, त्यांचं बिल छापून पुडीबरोबर द्यायचं. वर शोभेला मी गणपतीचं एक चित्र टाकलं आणि खाली 'आपला दिवस मंगलमय जावो'. माझ्यावर मीच खूश होते.

नावं घालता घालता सत्त्याऐंशीव्या ओळीवर आले. आक्का वहीतून वाचून दाखवत होत्या.

"सोवनी. यादोगोपाळ पेठ. मोठं पिंपळाचं झाड हाय त्याच्या म्होरं. फोन घरचाच, जुना. येकलेच असत्यात."

मी टाइप केलं. हात थांबू दिला नाही. सोवनी म्हणजे माझे वडील.

मला हे नाव यादीत असणार हे माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. आमच्या दाराला लहानपणापासून आक्कांचीच पुडी यायची. पण मी कामाला आले ती हेमांगी सुतार म्हणून आले होते, आणि आक्कांनी माझ्या माहेराबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मी समजले, त्यांना ठाऊक नाही. बरंच झालं असंही वाटलं.

सहा वर्षांपूर्वी, सात मेला, मी आणि भरतनं नोंदणी कचेरीत लग्न केलं होतं. भरत जातीचा सुतार, धंद्यानंही सुतार. वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी आदल्या रात्री सांगितलं. ते ओरडले नाहीत. "तुझं ठरलंय ना? मग मला सांगतेस कशाला?" एवढं म्हणाले आणि उठून गेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रात्री माझ्या भावाचा, श्रीरंगदादाचा, फोन आला. तो पुण्याहून सगळं सोडून आला होता. म्हणाला, "अण्णांनी तुझ्या नावानं आंघोळ केलीय. दहा दिवस सुतक धरलंय. देवाला फूल नाही, दिवा नाही. तू गेलीस आम्हाला. परत या दारात येऊ नकोस."

अण्णांसारख्या माणसानं देव बंद ठेवले, याचा अर्थ आमच्या घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागला नसता. ताप असला तरी ते पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करून पूजेला बसायचे. आईच्या वेळी दहा दिवस देव पारोसे राहिले, ते त्यांना आई गेल्याइतकंच लागलं होतं. त्यांनी माझ्यासाठी तेच केलं होतं. माझ्या बापानं मला जिवंतपणी मारून, वर रीतसर दिवस घालून संपवलं होतं.

मी रागीट आहे. मी म्हटलं, ठीक. मेलेली माणसं परत जात नाहीत. सहा वर्षं मी यादोगोपाळ पेठेतून गेले नाही. बाजाराला जाताना लांबचा वळसा घ्यायचे, भाजीच्या पिशव्यांनी हात तुटायचे, पण वळसा सोडला नाही.

त्या दिवशी सोवनींच्या ओळीपुढच्या चौकोनात मी खूण केली आणि पुढचं नाव विचारलं.

एक ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता पहिली बिलं गेली. दहा वाजता दुकानात शिंगटे आले. शिंगटे बांधकाम खात्यात होते, चाळिशीचे. डोक्याचे केस नुकतेच काढलेले. त्यांनी फोन आक्कांपुढे धरला.

आक्कांनी चष्मा चढवला, पाहिलं आणि फोन माझ्याकडे दिला. गणपतीचं चित्र. सप्टेंबर, तीस पुड्या, दोनशे दहा रुपये. आपला दिवस मंगलमय जावो.

"आई अठराला गेली, आक्का," शिंगटे म्हणाले. "सर्जेरावांना मीच दारात सांगितलं होतं. आज चौदावा दिवस. काल गोडाचं जेवण झालं आणि आज सकाळी पहिला निरोप हा आला. पैशाचं काही नाही. पण तुमच्याकडून…"

 आक्का गल्ल्यामागून उठून बाहेर आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं लेकरा. माजं चुकलं. म्हातारीला मी तीस वर्सं फुलं दिलीत."

शिंगटे गेल्यावर मी म्हणाले, "आक्का, तुमचं कसं? चूक माझी आहे."

"तुजीच हाय," आक्का म्हणाल्या. "पर बोर्डावर नाव माजं हाय."

सर्जेरावांनी त्या अठरा तारखेला आक्कांना सांगितलं होतं, आक्कांनी वहीत लिहिलंही होतं. मी ती वही उघडून पाहिलीच नव्हती. मी महिन्याचे दिवस गुणिले सात केलं होतं. मला इतकी शरम वाटली की मी तिथल्या तिथे काम सोडते म्हणाले.

"सोडतीस कुटं? बस खाली." आक्का आतून एक पत्र्याची पेटी ओढत घेऊन आल्या. त्यात वह्या होत्या, लांबट, लाल बांधणीच्या, दर वर्षाची एक. "ही बग. खाड्याची वही. बिल कोन बी करील, हिसाब शाळंतलं प्वार बी करील. धंदा ह्यो हाय."

रतिबात ज्या दिवशी माल पडत नाही तो खाडा. दूधवाल्याकडेही असतो, पेपरवाल्याकडेही असतो. पण दूध सुतकातही लागतं. फुलं लागत नाहीत. घरात कुणी गेलं की देव बंद, मूल झालं की सोयर, तेव्हाही देव बंद. म्हणजे गावात कुठल्या घरात कोण आलं आणि कोण गेलं, हे आक्कांना नगरपालिकेच्या आधी कळायचं. वहीत प्रत्येक घराला एक ओळ. पुडी पडली की उभी दांडी, खाडा असला की फुली, आणि समासात कारण: सुतक, सोयर, गावाला, कुलूप.

"हितं बग," आक्कांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये बर्गे आन् त्ये सदर बाजारातलं बर्गे. दोगं भाऊ. वाटणीवरनं पंधरा वर्सं येकमेकाचं त्वांड बगत न्हाईत. पर फुल्या बग. येकाच दिवशी सुरू, येकाच दिवशी बंद. चुलता गेला तवा दोगांनी बी पाळलं. कोर्टात भांडत्यात आन् सुतक येक."

मी ओळी पडताळून पाहिल्या. खरंच, दहाच्या दहा फुल्या तंतोतंत जुळत होत्या.

"तुज्या डब्याला ह्ये शिकीव," आक्का म्हणाल्या. "घरागणिक काय ठरल्यालं असतं त्ये लिहून काड. कोन जत्रंला गावी जातं, कोन श्रावणात दोन पुड्या घेतं, कुणाकडं कवा श्राद्ध. गेल्या आठ वर्सांच्या वह्या बग. मग काय आपोआप करायचं त्ये कर."

म्हणून मी त्या वह्या वाचायला बसले. एका घराची आठ वर्षं एका कागदावर उतरवायची, मग दुसरं घर. सोप्या हिशेबाच्या नादानं आलेली मी, त्या कामात अगदी रमून गेले. कुणाच्या घरी दर मे महिन्यात पंधरा फुल्या, कुलूप. एका घरी चार वर्षांत तीन वेळा सोयर आणि तिसऱ्यानंतर पुड्या दुप्पट, म्हणजे नवस फेडला असणार. मी हसायचे आणि आक्का मान न उचलता विचारायच्या, "कोन? गुजर का?"

सत्त्याऐंशीवं घर आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आक्का उंबऱ्यापाशी हार करत बसल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, हेही एक घरच आहे, उतरवून टाक आणि मोकळी हो.

पहिली वही. मार्चमध्ये दहा फुल्या, समासात आक्कांच्या गोल अक्षरात: 'सुतक. सोवनीबाई गेल्या.' आई. मी त्या दहा फुल्या मोजल्या, नको असताना मोजल्या. पुढच्या वर्षी जुलैत दहा फुल्या, 'सोयर, पुण्यास नातू.' दादाचा मुलगा. अण्णांनी तेही पाळलं होतं, पुण्याला झालेल्या बाळाचंसुद्धा, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. एका दूरच्या चुलतकाकांचे तीन दिवस. अण्णांचं सगळं असंच, रेघ मारल्यासारखं.

तिसरी वही त्या वर्षाची होती. मी मे महिन्याचं पान न उघडताच वही मिटली.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. डोकं दुखतंय. उद्या करते."

रात्री भरतला सांगितलं. तो रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवत म्हणाला, "नको बघूस. माहीत असलेलंच दिसणार." त्याचं बरोबर होतं. तरी मला ते पाहायचं होतं. सहा वर्षं मी जे ऐकून होते, ते कुणाच्या तरी अक्षरात एकदा पाहावं आणि खरोखर रिकामं व्हावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

माझा दिवस नव्हता तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. पेटी उघडली, वही काढली, मे उघडला.

एक ते आठ, उभ्या दांड्या. नऊला फुली. दहाला दांडी. अकराला दांडी. मी बोट ओळीवर ठेवून एकतीसपर्यंत नेलं. सगळ्या दांड्या.

एक फुली होती. फक्त एक.

समासात लिहिलं होतं, 'दहा दिवस बंद, मुलगा सांगून गेला.' त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली, 'चालू. स्वतः आले होते.'

मी मे महिना पुन्हा वरपासून पाहिला. मग वर्ष पाहिलं, वहीवरचं. मग जून पाहिला, दिवस पुढे ढकलले असतील म्हणून. जूनमध्ये एकही फुली नव्हती.

"आक्का," मी म्हणाले.  "ही ओळ. सोवनींची. हे काय आहे?"

आक्कांनी सुई खाली ठेवली. वही बघायला त्या उठल्याच नाहीत.

"तुजा भाऊ आला व्हता सांजचा," त्या म्हणाल्या. "आट तारकंला. म्हनला, उद्यापासनं दहा दिवस पुडी नको. म्या म्हनलं, कोन गेलं? त्यो म्हनला, भन. मी घाबरून इचारलं, कशानं गं बाई? तर म्हनला, लग्न केलं. म्या काय बोलनार? गिऱ्हाइकानं बंद सांगितलं, म्या बंद केलं. नऊला सर्जेरावानं पुडी लावली न्हाई."

"मग?"

"मग आट वाजता तुजा बाप हितं हुबा. सोवळ्यातच. वर नुसतं उपरणं. यादोगोपाळातनं हितंवर मानूस सोवळ्यात चालत आला, रस्त्यानं लोक बगत व्हते. म्हनला, आक्का, आज पुडी का आली न्हाई? म्या सांगितलं, तुमच्या लेकानं बंद केली. तर म्हनला…" आक्का थांबल्या आणि त्यांनी अण्णांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, अगदी त्यांच्या शुद्ध सुरात. "म्हनला, 'आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. मुलीनं लग्न केलंय. पुडी द्या.' हातात पुडी घेतली आन् तसाच चालत माघारी गेला."

मी तिथेच, पाकळ्यांच्या त्या ओल्या ढिगाशेजारी, रडायला लागले. लाज वाटली नाही. आक्का मला रडू देत होत्या. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"तुम्हाला माहीत होतं मी कोण ते?" पाणी पिऊन मी विचारलं.

"पयल्या दिवशीच वळाकलं. नाक सोवनीबाईचं हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस," आक्का म्हणाल्या. "आन् मला काय ठावं, तुज्या भावानं तुला काय सांगितलंय? मला वाटलं, तुमचं बापलेकीचं काय तरी येगळं आसंल. लोकांच्या घरातलं मी वहीत ठिवती, तोंडात न्हाई."

त्यानंतर तीन आठवडे मी काहीच केलं नाही. आता मागं वळून पाहताना ते मला सर्वात कठीण वाटतं. दादाला फोन करून भांडावं असं वाटलं, केला नाही. अण्णांनी सुतक धरलं नव्हतं, पण मला बोलावलंही नव्हतं. मग वाटायचं, मी तरी कुठे गेले होते? त्यांनी दार लावलंय असं दुसऱ्यानं सांगितलं आणि मी हात लावूनसुद्धा पाहिलं नाही. सहा वर्षं लांबच्या वाटेनं भाजी आणली.

ऑक्टोबरची बिलं मी नीट केली. खाड्याचा रकाना घातला, गणपती काढला, मंगलमय दिवस काढला. ज्या घरात सुतक, तिथलं बिल आपोआप न जाता थांबायचं आणि मला विचारायचं. छापील बिलं एकतीस होती. त्यातलं एक सोवनींचं. एकतीस पुड्या, दोनशे सतरा रुपये.

"सर्जेराव," मी म्हणाले, "उद्या सोवनींची पुडी मी नेते."

सर्जेरावांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "नेऊ दे. फकस्त येळंवर ने. सहाच्या आत."

एक नोव्हेंबरला सहाला पाच कमी असताना मी पिंपळापुढच्या दाराशी उभी होते. दार तेच होतं, हिरवा रंग नवा होता. मी कडीला पुडी अडकवत होते तेवढ्यात दार आतून उघडलं. अण्णा दारात उभे होते. कद नेसलेले, केस ओले, आणि पार वाळलेले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. 

"सर्जेराव आजारी आहेत?" अण्णांनी विचारलं.

"नाही. आज मी आले."

"मी सोवळ्यात आहे. शिवू नकोस. पुडी तिथं ठेव कट्ट्यावर."

मी ठेवली. वर बिल ठेवलं. अण्णांनी ते उचललं, लांब धरून वाचलं.  

"हे कोण करतं आता?"

"मी करते. कॉम्प्युटरवर."

"एकतीस पुड्या लावल्यास."

"हो."

"एक खाडा होता."

"कधी?"

"चौदाला. मी नव्हतो घरी."

"पण सर्जेरावांनी तर…"

"सर्जेरावांना काय विचारतेस? मी सांगतोय ना? तीस पुड्यांचं बिल हवं. दुरुस्त करून आण."

"उद्या आणू?"

"उद्या नाही तर काय आणखी सहा वर्षांनी?" अण्णा म्हणाले. पुडी घेतली आणि दार लावून घेतलं.

मी तडक दुकानात गेले. ऑक्टोबरची ओळ काढली. चौदाला स्वच्छ उभी दांडी होती. सर्जेराव सायकल लावत होते, त्यांना विचारलं.

"चौदाला? लावली की. साहेबांनी सोता दार उघडून घेतली. पाऊस येनार का म्हनून इचारलं बी."

मी आक्कांकडे पाहिलं. आक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आगं, त्या मानसानं हितक्या वर्सांत माज्या बिलात येक चूक काडली न्हाई," त्या म्हणाल्या. "काड येक पुडी कमी. सात रुपयं माज्या अंगावर."

दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना मी दारात होते. या वेळी दार आधीच उघडं होतं. अण्णांनी बिल घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तीस. दोनशे दहा. आता बरोबर." मग घरात वळले. "पैसे आत आहेत. ये."

चप्पल काढून मी आत गेले. सगळं जिथल्या तिथे होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर कॅलेंडर होतं, पान अजून ऑक्टोबरचंच. रतिबाचे खाडे अण्णा नेहमी त्यावर मांडायचे, दुधाचे निळ्या पेन्सिलीनं आणि फुलांचे लाल. दुधाच्या दोन निळ्या फुल्या होत्या. लाल एकही नव्हती. चौदा तारखेचा चौकोन कोरा होता.

अण्णांनी मला तिथे पाहताना पाहिलं. 

"कॅलेंडरकडे काय बघत बसलीस?" ते म्हणाले. "मला पूजा करायची आहे. चहाचं आधण ठेव. साखर वरच्या फळीवर आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आक्कांची दारं पुढे चारशेवर गेली, आणि सगळ्यांची बिलं एक तारखेला आठ वाजता आपली आपण जायची, खाडे वजा करून, चूक न होता. सोवनींच्या नावापुढच्या चौकोनातली खूण तेवढी मी त्याच दिवशी काढून टाकली. ते एक बिल मी अण्णा होते तोवर दर महिन्याला हातानं लिहायचे आणि स्वतः नेऊन द्यायचे, आणि दर महिन्याला त्यात काही ना काही चुकलेलं असायचं.